मॅजिस्क : रूट मिळत नाही तेव्हा नेमकं कुठे पाहायचं

ॲन्ड्रॉइड फोन रूट करायचा, म्हणजे त्याच्या सिस्टिमवर पूर्ण सत्ता मिळवायची म्हटलं की आज पहिलं नाव मॅजिस्क या साधनाचंच येतं. जॉन वू यांनी २०१६ साली ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि ॲन्ड्रॉइडने रूटच्या जुन्या वाटा एकेक करून बुजवल्या तरी ते टिकून आहे. तरीही त्याच्या नावाने एक तक्रार कायम ऐकू येते : ‘सगळं नीट केलं, फोन चालूही झाला, पण रूट मिळत नाही.’ बहुतेक वेळा दोष मॅजिस्कच्या कामात नसतो. चुकीची इमेज (फोनच्या स्टोरेजमधल्या एका कप्प्याची, म्हणजे पार्टिशनची, पूर्ण प्रत), चुकीचा स्लॉट (अशा कप्प्याच्या जोडीपैकी एक) किंवा पाच-सात वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतला सल्ला, यांपैकी काहीतरी आडवं आलेलं असतं. मात्र नेमकं काय आडवं आलं हे सांगण्यात मॅजिस्क कमी पडतं. ॲपच्या पहिल्या पानावर ‘इन्स्टॉल्ड : एन/ए’ (म्हणजे मॅजिस्क बसलेलं सापडत नाही) एवढंच दिसतं आणि पुढचा शोध वापरणाऱ्यावर पडतो. इतक्या चांगल्या साधनातली ही उणीव खरोखर खटकते.

आधी ते काम कसं करतं ते पाहू, कारण पुढच्या साऱ्या अडचणींचं मूळ तिथेच आहे. फोन सुरू होताना बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा भाग) बूट इमेज उचलतो. तिच्यात कर्नल (सिस्टिमचा गाभा) असतो आणि रॅमडिस्क नावाची छोटी फाइल-सिस्टिम असते. रॅमडिस्कमधला ‘इनिट’ हा कर्नलनंतर सगळ्यात पहिला चालणारा प्रोग्रॅम. मॅजिस्क त्याच्या जागी स्वतःचा इनिट बसवतं, सिस्टिम उभी राहतानाच आपली सेवा सुरू करतं आणि मूळ सिस्टिम पार्टिशनला हातही लावत नाही. म्हणजे सगळी मदार एकाच गोष्टीवर : पॅच केलेली (म्हणजे मॅजिस्क घातलेली) इमेज योग्य पार्टिशनमध्ये, योग्य स्लॉटमध्ये बसली आहे का आणि फोन तिथूनच सुरू होतो आहे का.

ॲप गिटहबवरच्या अधिकृत पानावरूनच घ्यायचं. ते प्ले स्टोअरवर नाही. मॅजिस्कच्या नावाने चालणारी देखणी संकेतस्थळं बरीच आहेत, पण त्यांचा मूळ प्रकल्पाशी संबंध नाही. ज्या ॲपला तुम्ही फोनची सगळी सत्ता देणार, ते तिऱ्हाइताकडून घेणं धोक्याचं आहे. ‘एका क्लिकमध्ये रूट’ म्हणणारी किंगरूटसारखी ॲप्स जुन्या ॲन्ड्रॉइडमधल्या सुरक्षा-त्रुटींवर चालायची. आजच्या फोनवर त्यांचा काही उपयोग नाही, त्यांच्यापासून लांबच राहा.

इन्स्टॉल्ड : एन/ए

सर्वाधिक वेळ इथेच जातो, म्हणून थोडं सविस्तर.

पहिला प्रश्न असा की इमेज कोणती पॅच केली? ॲन्ड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या बहुतेक फोनमध्ये रॅमडिस्क बूट इमेजमधून काढून ‘इनिट_बूट’ नावाच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये ठेवली आहे. पिक्सेल ७ आणि त्यानंतरचे पिक्सेल याच प्रकारातले. पिक्सेल ६ ला नंतर ॲन्ड्रॉइड १३ मिळालं तरी त्याची रॅमडिस्क बूट इमेजमध्येच राहिली. थोडक्यात, फोनवर आज कोणतं ॲन्ड्रॉइड आहे यापेक्षा तो कोणतं घेऊन आला हे महत्त्वाचं. सोपा नियम : कंपनीच्या फर्मवेअरमध्ये (फोनच्या मूळ सॉफ्टवेअर संचात) इनिट_बूट इमेज असेल तर तीच पॅच करायची, नसेल तर बूट. इनिट_बूटच्या फोनवर बूट इमेज पॅच करून टाकली की फोन बहुधा सुरळीत सुरू होतो, पण रूट नसतं. एन/ए दिसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

दुसरा प्रश्न बिल्डचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीचा. ‘अबाउट फोन’मधला बिल्ड नंबर आणि डाउनलोड केलेल्या फर्मवेअरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. महिना वेगळा असेल तर ‘तेवढं चालतं’ म्हणून पुढे जाऊ नका. बूट इमेजमध्ये कर्नल असतो, आणि वाय-फाय, आवाज, टच यांचे ड्रायव्हर अनेक फोनवर कर्नल मॉड्यूल म्हणून दुसऱ्या पार्टिशनमध्ये असतात. दोन्हींची आवृत्ती जुळली नाही तर मॉड्यूल लोड होत नाहीत. फ्लॅश केल्यावर, म्हणजे इमेज पार्टिशनमध्ये लिहिल्यावर, वाय-फाय चालू होत नाही किंवा टच मेला, असं झालं तर आधी हाच संशय घ्या. त्याच बिल्डची मूळ बूट इमेज परत टाकली की फोन पूर्ववत होतो.

मूळ इमेज मिळवण्याची पद्धत फोनप्रमाणे बदलते. पिक्सेलसाठी गूगलची फॅक्टरी इमेज उतरवायची, झिप उघडली की आत आणखी एक झिप असते, तिच्यात सगळ्या इमेज. शाओमीच्या फास्टबूट रॉममध्ये (संगणकावरून टाकायच्या फर्मवेअरमध्ये) ‘इमेजेस’ नावाच्या फोल्डरमध्ये त्या सुट्या मिळतात. ओटीए (फोनवर थेट येणाऱ्या अपडेटच्या) झिपमध्ये मात्र ‘पेलोड डॉट बिन’ अशी एकच फाइल असते, ती पेलोड-डंपर-गो या छोट्या साधनाने सोडवावी लागते.

इमेज फोनमध्ये ठेवा, मॅजिस्क ॲपमध्ये ‘इन्स्टॉल’, मग ‘सिलेक्ट अँड पॅच अ फाइल’. काम झालं की डाउनलोड फोल्डरमध्ये ‘मॅजिस्क_पॅच्ड’ने सुरू होणारी फाइल तयार होते. ती संगणकावर आणताना ‘एडीबी पुल’ वापरा (एडीबी म्हणजे संगणकावरून फोनला आदेश देण्याचं साधन). केबल जोडून फाइल मॅनेजरमधून ओढली, म्हणजेच एमटीपीने आणली, तर मोठ्या फाइल खराब होऊ शकतात. मॅजिस्कच्या अधिकृत सूचनांमध्येही सॅमसंगच्या फाइलसाठी हा इशारा स्पष्ट दिला आहे. त्यानंतर (बूटलोडर आधी उघडलेला, म्हणजे अनलॉक केलेला हवा; त्याबद्दल शेवटी) ‘एडीबी रीबूट बूटलोडर’ आणि मग बूटलोडरला आदेश देणाऱ्या फास्टबूट या साधनाने ‘फास्टबूट फ्लॅश इनिट_बूट’ किंवा ‘फास्टबूट फ्लॅश बूट’, पुढे फाइलचं नाव.

ज्या फोनची रॅमडिस्क बूटमध्येच आहे तिथे फ्लॅश करण्याआधी ‘फास्टबूट बूट’ आणि पॅच केलेल्या फाइलचं नाव, असा आदेश देऊन पाहणं शहाणपणाचं. फोन फक्त तेवढ्या वेळेपुरता त्या इमेजवरून सुरू होतो. रूट दिसलं तर ॲपमधूनच ‘डायरेक्ट इन्स्टॉल’ करायचं, बिघडलं तर नुसतं रीबूट केलं की आधीची स्थिती परत. सगळे बूटलोडर हा आदेश मानत नाहीत, आणि इनिट_बूटच्या फोनवर ही युक्ती चालत नाही.

तिसरा प्रश्न स्लॉटचा. ए/बी रचनेच्या फोनमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या पार्टिशनच्या दोन प्रती असतात. ‘फास्टबूट गेटव्हार करंट-स्लॉट’ विचारलं की चालू स्लॉट कळतो. सिस्टिम अपडेट नेहमी बंद असलेल्या स्लॉटमध्ये बसतं आणि रीबूटनंतर तोच चालू होतो. पॅच केलेली इमेज राहते जुन्या स्लॉटमध्ये. अपडेटनंतर ‘रूट आपोआप गेलं’ असं वाटतं ते यामुळे.

या तिन्ही गोष्टी बरोबर असूनही एन/ए येत असेल तर पहिल्या पानावरची ‘रॅमडिस्क’ ही ओळ पाहा. तिथे ‘नाही’ असेल, तर त्या फोनला बूट रॅमडिस्कच नाही. मग रिकव्हरी (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या पार्टिशनची) इमेज पॅच करावी लागते, आणि रूट हवं असेल तेव्हा दर वेळी रिकव्हरीच्या बटणांनी फोन सुरू करावा लागतो. साध्या पद्धतीने सुरू केला की रूट नाही. ॲन्ड्रॉइड ९ च्या सुमाराच्या काही सॅमसंग फोनचं हेच आहे. काही शाओमी फोनवर ही ओळ ‘नाही’ दाखवते तरी बूटलोडर बूट रॅमडिस्क स्वीकारतो, त्यामुळे तिथे एकदा बूट इमेज पॅच करून पाहायला हरकत नाही.

आणखी एक अडचण सहज नजरेतून सुटते. मॅजिस्क ॲपमध्ये स्वतःला वेगळ्या नावाने लपवण्याची सोय आहे. ती वापरल्यावर कुणी गिटहबवरून पुन्हा एपीके (ॲपची फाइल) टाकली की फोनवर दोन मॅजिस्क होतात आणि कोणतं खरं याचा गोंधळ उडतो. एक काढून टाका, उरलेल्याच्या सेटिंगमधून मूळ नाव परत आणा, मग अपडेट करा. आणि ‘ॲबनॉर्मल स्टेट’ असा इशारा दिसला तर बहुधा आधीच्या एखाद्या रूट पद्धतीची एसयू (रूट मिळवून देणारी) फाइल सिस्टिममध्ये उरलेली असते. जुन्या कस्टम रॉमवर (कंपनीबाहेरच्यांनी बनवलेल्या सिस्टिमवर) हे जास्त दिसतं. ती फाइल काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मॅजिस्क आहे, पण ॲपला रूट मिळत नाही

पहिल्या पानावर आवृत्तीचा आकडा दिसतो आहे, म्हणजे रूट आहे. आता प्रश्न परवानगीचा. खात्री करायची तर ‘एडीबी शेल’मध्ये जा, ‘एसयू’ लिहा, फोनवर आलेली विचारणा मंजूर करा आणि ‘आयडी’ लिहा. उत्तरात यूआयडी शून्य (म्हणजे रूट) आणि संदर्भात ‘मॅजिस्क’ हा शब्द दिसला की काम चोख आहे. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर ॲपच्या ‘सुपरयूजर’ पानावर ‘शेल’ या नोंदीसमोरचं बटण बंद असेल, ते चालू करा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘एडीबी रूट’ हा आदेश दिला की ‘प्रॉडक्शन बिल्डमध्ये एडीबीडी रूट म्हणून चालू शकत नाही’ अशा अर्थाचं उत्तर येतं आणि लोक मॅजिस्क काढून पुन्हा बसवू लागतात. त्या आदेशाचा मॅजिस्कशी संबंध नाही. तो विकासकांच्या खास बिल्डसाठी आहे आणि दुकानातून घेतलेल्या फोनवर तो नाहीच म्हणणार.

विचारणेची खिडकीच येत नसेल तर सेटिंगमध्ये तीन जागा पाहा. ‘सुपरयूजर ॲक्सेस’ हे ‘ॲप्स आणि एडीबी’ असं असावं. ‘ऑटोमॅटिक रिस्पॉन्स’ हे ‘प्रॉम्प्ट’ असावं. चुकून ‘डिनाय’ झालं असेल तर काही न विचारता नकार जातो. विचारणेची मुदत मुळात दहा सेकंदांची असते, ती चुकली की नकारच धरला जातो. मंद फोनवर ती वाढवून घ्या. शाओमीच्या मीयूआयवर याशिवाय मॅजिस्कच्या ‘इतर परवानग्यां’मध्ये पार्श्वभूमीत असताना खिडकी दाखवण्याची परवानगी लागते. ती नसेल तर विचारणा पडद्यावर येतच नाही आणि मुदत संपते.

टर्मक्स या टर्मिनल ॲपमध्ये ‘या फोनवर एसयू प्रोग्रॅम सापडला नाही’ असा संदेश येत असेल आणि एडीबीतून मात्र एसयू चालत असेल, तर मॅजिस्कच्या सेटिंगमधली डिनायलिस्ट उघडा. ‘एन्फोर्स डिनायलिस्ट’ चालू असताना यादीतल्या ॲपपासून मॅजिस्कच्या साऱ्या खुणा दूर केल्या जातात, त्यात एसयूही येतं. सरसकट सगळ्या ॲप्सवर टिक केली की रूट हवं असलेलं ॲपही त्यात अडकतं.

सेकंड स्पेस, वर्क प्रोफाइल किंवा दुसऱ्या यूजरमधल्या ॲपला रूट मिळत नसेल तर ‘मल्टियूजर मोड’ पाहा. मुळात तो फक्त फोनच्या मालकापुरता असतो. आणि एखादा फाइल मॅनेजर किंवा स्क्रिप्ट काहीतरी माउंट करते (फोल्डरच्या जागी जोडते), पण ते दुसऱ्या ॲपला दिसत नाही, अशी तऱ्हा असेल तर ‘माउंट नेमस्पेस मोड’ ग्लोबल करून पाहा. एसईलिनक्स ही ॲन्ड्रॉइडची सुरक्षा-व्यवस्था परमिसिव्ह, म्हणजे सैल करण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. मॅजिस्कला त्याची गरज नाही, आणि त्याने फोनची मोठी भिंत विनाकारण पडते.

रूट आहे, तरी सिस्टिममध्ये लिहिता येत नाही

जुन्या लेखांमुळे सर्वांत जास्त लोक इथे फसतात. ‘रूट एक्सप्लोररमध्ये सिस्टिम रीड-राइट करा आणि फाइल बदला’ हे ॲन्ड्रॉइड ९ पर्यंत ठीक होतं. ॲन्ड्रॉइड १० पासून नवे फोन डायनॅमिक पार्टिशन घेऊन येऊ लागले : सिस्टिम, व्हेंडर, प्रॉडक्ट हे सगळे ‘सुपर’ नावाच्या एका मोठ्या पार्टिशनमध्ये, प्रत्येकाला जेमतेम पुरेल एवढी जागा. ईएक्सटी४ ही फाइल-सिस्टिम असेल तर सारख्या मजकुराचे ब्लॉक सामायिक ठेवलेले असतात, त्यामुळे लिहिण्यासाठी माउंटच होत नाही. अलीकडच्या बऱ्याच फोनवर ईआरओएफएस आहे, आणि ती फाइल-सिस्टिम रचनेनेच फक्त वाचण्यापुरती आहे. तिथे रूटच काय, कुणीच लिहू शकत नाही. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ हा संदेश म्हणजे रूट अपुरं असल्याचं लक्षण नव्हे.

उपाय मॅजिस्कच्या मूळ कल्पनेतच आहे. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून खुणा कराव्यात तसं मॅजिस्कचं मॉड्यूल (छोटी जोड) मूळ फाइलवर आपली फाइल वरून बसवतं. खाली काही बदलत नाही. फाँट बदलायचा असेल, होस्ट्स फाइल (कोणतं संकेतस्थळ कुठे शोधायचं ते ठरवणारी) बदलायची असेल, तर त्याचं मॉड्यूल बनवायचं. होस्ट्ससाठी तर सेटिंगमध्येच ‘सिस्टिमलेस होस्ट्स’ आहे. ते दाबा, रीबूट करा, मग जाहिराती अडवणारं ॲप त्यात लिहू शकतं. स्वतःचं मॉड्यूल करणंही अवघड नाही : एका फोल्डरमध्ये नाव-आवृत्तीची छोटी फाइल आणि ‘सिस्टिम’ या उपफोल्डरमध्ये मूळ मार्गानुसार ठेवलेली बदललेली फाइल, एवढंच. मॅजिस्कची सर्वांत सुंदर बाजू हीच, कारण मॉड्यूल काढून रीबूट केलं की फोन जसाच्या तसा.

बूटलूप

मॉड्यूल टाकलं आणि फोन कंपनीच्या चिन्हावरच फिरत बसला, तर घाबरून डेटा पुसू नका. यूएसबी डीबगिंग आधीपासून चालू असेल आणि संगणकाला परवानगी दिलेली असेल, तर फोन जोडून ‘एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स’ हा आदेश देऊन ठेवा. एडीबी जागं होताच सगळी मॉड्यूल काढून फोन आपोआप रीबूट होतो. डीबगिंग बंद असेल तर सेफ मोडचा मार्ग आहे. बऱ्याच फोनवर चिन्ह दिसू लागल्यावर आवाज कमी करण्याचं बटण दाबून धरलं की सेफ मोड येतो. मॅजिस्क तो ओळखतं आणि सगळी मॉड्यूल बंद करतं. पुन्हा साधा रीबूट केला तरी ती बंदच राहतात, मग ॲपमध्ये जाऊन एकेक करून तपासता येतात. टीडब्ल्यूआरपी ही पर्यायी रिकव्हरी असेल आणि त्यात डेटा उघडत असेल, तर ‘डेटा/एडीबी/मॉड्यूल्स’मध्ये त्या मॉड्यूलच्या फोल्डरात ‘डिसेबल’ नावाची रिकामी फाइल तयार केली तरी पुरतं.

मूळ बूट किंवा इनिट_बूट इमेज फ्लॅश केली तरी फोन सुरू होतो, पण यात एक सापळा आहे. मॉड्यूल डेटा पार्टिशनमध्ये राहतात आणि रूट नसताना तुम्हाला तिथे पोचता येत नाही. पुन्हा पॅच केलेली इमेज टाकली की तेच खराब मॉड्यूल पुन्हा लोड होतं आणि पुन्हा बूटलूप. म्हणून परत रूट करताना तो पहिला बूट सेफ मोडमध्येच घ्यावा, किंवा वरचा एडीबी आदेश आधीच देऊन ठेवावा. यासाठी चालू बिल्डची मूळ इमेज संगणकावर कायम जपून ठेवा; बहुतेक पेचांतून तीच बाहेर काढते.

‘डिव्हाइस इज करप्ट’ असा लाल इशारा येऊन फोन थांबत असेल तर गोष्ट व्हीबीमेटाची (इमेज मूळच्याच आहेत का हे तपासायला लागणाऱ्या पार्टिशनची) असू शकते. काही फोनवर ‘फास्टबूट फ्लॅश --डिसेबल-व्हेरिटी --डिसेबल-व्हेरिफिकेशन व्हीबीमेटा’ हा आदेश मूळ व्हीबीमेटा इमेजसह द्यावा लागतो. पिक्सेलसारख्या फोनवर साध्या रूटसाठी याची गरज नसते आणि उगाच केलं तर डेटा पुसण्याची वेळ येऊ शकते, त्यामुळे तुमच्या मॉडेलला लागतं का हे आधी पाहा. बूटलोडर उघडलेला असताना सुरुवातीला दिसणारा नारिंगी इशारा मात्र नेहमीचाच, त्यात बिघाड काही नाही.

अपडेट घेताना

डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘ऑटोमॅटिक सिस्टिम अपडेट्स’ आधी बंद करा. अपडेट घ्यायचं ठरलं की मॅजिस्कमध्ये ‘अनइन्स्टॉल’, मग ‘रिस्टोअर इमेजेस’. इथे रीबूट करायचं नाही. सेटिंगमधून अपडेट उतरवून पूर्ण बसू द्या. शेवटी ‘रीस्टार्ट’ असं बटण येईल, ते दाबायचं नाही. परत मॅजिस्कमध्ये येऊन ‘इन्स्टॉल टु इनॲक्टिव्ह स्लॉट’ निवडा आणि मॅजिस्कमधूनच रीबूट करा. क्रम एका पावलाने चुकला तरी रूट जातं, फोन मात्र बिघडत नाही.

‘रिस्टोअर इमेजेस’ला मूळ प्रत सापडत नाही असा निरोप आला, तर इमेज दुसऱ्या फोनवर पॅच केली होती किंवा मधे डेटा पुसला गेला होता, असं समजा. मूळ प्रतीची नोंद ज्या फोनवर पॅच केलं तिथेच राहते. अशा वेळी मूळ इमेज फास्टबूटने टाका, अपडेट घ्या आणि नव्या बिल्डची इमेज नव्याने पॅच करा. ही पद्धत लांबची आहे, पण विश्वासार्ह आहे, आणि पिक्सेलवर पहिली पद्धत अडली की हीच वापरावी.

बँकेची ॲप्स

आवृत्ती २३ पर्यंत मॅजिस्कमध्ये ‘मॅजिस्कहाइड’ होतं; रूट पाहून अडणाऱ्या ॲप्सपासून ते रूट लपवायचं. जॉन वू २०२१ मध्ये गूगलच्या ॲन्ड्रॉइड सुरक्षा विभागात गेले आणि २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या आवृत्ती २४ मधून मॅजिस्कहाइड काढलं गेलं. त्याजागी झायगिस्क (ॲप्समध्ये मॅजिस्कचा कोड चालवण्याची सोय) आणि डिनायलिस्ट आले. नावातल्या साम्यामुळे डिनायलिस्ट म्हणजे लपवण्याची सोय असं समजलं जातं. तिचं काम निवडलेल्या ॲपमध्ये मॅजिस्कचे बदल पोचू न देणं एवढंच आहे. साध्या तपासण्या त्याने पार पडतात, कडक तपासण्या नाहीत.

कडक तपासणी म्हणजे फोन विश्वासार्ह आहे का हे ॲपला सांगणारी गूगलची प्ले इंटेग्रिटी. तिचे बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग असे तीन निकाल आहेत. मे २०२५ पासून ॲन्ड्रॉइड १३ व त्यापुढच्या फोनवर डिव्हाइस निकालासाठीही हार्डवेअरची साक्ष लागते, आणि स्ट्राँगसाठी शिवाय गेल्या वर्षभरातलं सुरक्षा अपडेट. बूटलोडर उघडा आहे की नाही हे फोनमधला सुरक्षित भाग स्वतः सही करून सांगतो, आणि मॅजिस्क त्याला खोटं बोलायला लावू शकत नाही. बाहेर फुटलेल्या, अशी सही करणाऱ्या चाव्या वापरून ही तपासणी फसवणारी मॉड्यूल फिरतात, पण गूगल त्या चाव्या रद्द करत राहतं. आज चाललेलं यूपीआय उद्या भाजीच्या गाडीपाशी बंद पडू शकतं. पैशाचे व्यवहार ज्या एकमेव फोनवर आहेत तो रूट करू नका, हे आमचं स्पष्ट मत. रूटसाठी दुसरा, जुना फोन घ्या.

कंपनीगणिक

बूटलोडर उघडताना डेटा पुसला जातो, हे सर्वत्र. ‘फ्लॅशिंग लॉक स्थितीत करता येत नाही’ असा निरोप आला तर बूटलोडर अजून बंदच आहे. ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’वर अडकलात तर विंडोजचा ड्रायव्हर, केबल आणि पोर्ट याच क्रमाने तपासा, आणि प्लॅटफॉर्म-टूल्स (एडीबी-फास्टबूटचा संच) नवे घ्या.

पिक्सेल सर्वांत सोपा. शाओमी, रेडमी, पोकोवर शाओमीचं ‘मी’ खातं फोनशी जोडून, मोबाइल डेटा चालू ठेवून, मीयूआयच्या काळात साधारण १६८ तास थांबावं लागायचं. मधे पुन्हा ‘ॲड अकाउंट’ दाबलं की मोजणी नव्याने सुरू होऊ शकते. त्यानंतर आलेल्या हायपरओएसने नियम आणखी कडक केले. सॅमसंगवर नॉक्स या सुरक्षा-व्यवस्थेचा फ्यूज एकदा उडाला की कायमचा. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगची पेमेंट सेवा त्या फोनवर पुन्हा नाही. तिथे फर्मवेअरमधली एपी टार फाइल पूर्ण पॅच करायची (ती काही जीबींची असते, जागा मोकळी ठेवा), ओडिन या संगणकावरच्या साधनात बीएल, सीपी आणि सीएससी या बाकीच्या फर्मवेअर फाइलसोबत टाकायची. पहिल्या वेळी होम_सीएससी (डेटा न पुसणारी सीएससी) नको, कारण डेटा पुसला जाणं आवश्यक असतं. पुढच्या अपडेटना होम_सीएससी. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणं थांबवलं. ज्या फोनचा बूटलोडर उघडतच नाही, त्यावर मॅजिस्क बसवायचा विचार सोडलेला बरा.

फोनचा कर्नल ५.१० किंवा नंतरचा जीकेआय (गूगलचा सामायिक कर्नल) असेल तर कर्नलएसयू हा चांगला पर्याय आहे. तिथे परवानगी न दिलेल्या ॲपला एसयू दिसतच नाही, ही त्याची जमेची बाजू. जुन्या फोनच्या विस्तृत यादीसाठी मात्र अजूनही मॅजिस्कच घ्यावं. त्याच्या ‘लॉग्स’ पानावरून नोंदी जतन करता येतात; कुणाला मदत मागताना पडद्याच्या फोटोऐवजी ती फाइल, बिल्ड नंबर आणि कोणती इमेज पॅच केली हे द्या, उत्तर लवकर मिळेल.

फोन विकायचा असेल तर ‘कम्प्लीट अनइन्स्टॉल’ करा, मग त्याच बिल्डचं पूर्ण मूळ फर्मवेअर टाका, आणि फोन स्वच्छ सुरू होऊन सेटअपच्या पानापर्यंत पोचतो याची खात्री झाल्यावरच बूटलोडर बंद करा. पॅच केलेली इमेज आत असताना बूटलोडर बंद केला तर फोन सुरू व्हायला नकार देतो, आणि बूटलोडर उघडू देणारं ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटणही तोवर बंद झालेलं असेल तर तो पुन्हा उघडता येत नाही. म्हणून ते बटण सगळ्यात शेवटी, बंद बूटलोडरवर फोन एकदा नीट सुरू झाल्यानंतरच बंद करायचं.